हाइड केलेला कॉलम

ऑफिसात मी रिलीजचं काम बघतो. म्हणजे शुक्रवारी रात्री बाकीची जनता जेवायला बाहेर पडते, तेव्हा आम्ही चार-पाच जण एका कॉलवर बसून कोणाचा तरी कोड प्रॉडक्शनवर चढवत असतो. प्रत्येक रिलीजची एक एक्सेल शीट असते. कोण काय करणार, किती वाजता करणार, सगळं त्यात. आणि सगळ्यात शेवटचा टॅब असतो रोलबॅकचा. "अमुक वाजेपर्यंत अमुक झालं नाही तर मागे फिरायचं." हा टॅब भरल्याशिवाय मी कोणालाही पुढे जाऊ देत नाही. त्यावरून टीममध्ये माझी यथेच्छ टिंगल होते, पण ते असो.

सांगायचा मुद्दा असा की हे सगळं मला येतं, त्याचा मला पगार मिळतो, आणि तरीही मार्च २०२५ मध्ये मी बाबांना घेऊन समुद्रात गेलो तेव्हा माझ्या शीटमध्ये तो टॅब नव्हता.

आता जरा मागे जातो.

बाबा मूळचे वेंगुर्ला तालुक्यातले. सतरा-अठराव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईला आले, मग पुण्याला, आणि चिंचवडला घर घेऊन तिथलेच झाले. लहानपणी मला झोपवताना ते रामायण-महाभारत कमी आणि समुद्रातल्या दिव्याची गोष्ट जास्त सांगायचे. गावातल्या टेकडीवरून रात्री दूर समुद्रात एक दिवा लुकलुकताना दिसायचा. तो वेंगुर्ला रॉक्सचा दीपगृहाचा दिवा. निवतीच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. जुन्या इंग्रजी नकाशांत त्यांना 'बर्न्ट आयलंड्स' म्हटलंय, म्हणजे जळकी बेटं. बाबांचे एक काका दीपगृहावरच्या माणसांना सामान पोचवणाऱ्या होडीवर होते. त्यांनी बाबांना सांगितलेलं, की तिथे खडकात गुहा आहेत, आत मिट्ट काळोख असतो आणि त्या काळोखात हजारो पाकोळ्या राहतात. "मोठा झालास की नेतो." मग काका गेले, बाबा मुंबईला आले आणि ते राहूनच गेलं.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेलो असताना माणूस कायकाय कबूल करून टाकतो! मी मनाशी म्हटलं, हे नीट बाहेर आले की यांना त्या बेटांवर घेऊन जायचं. ते नीट बाहेर आले. आता शब्द पाळणं भाग होतं.

तर बेत आखायला बसलो. आणि खरं सांगतो, मजा आली. समुद्रातल्या एका दिवसाच्या सहलीचा बेत हा जवळजवळ रिलीजसारखाच असतो. चार-पाच गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट महिना. पावसाळ्यात प्रश्नच नाही. एक जून ते एकतीस जुलै मासेमारीच बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. पण फेब्रुवारीत डॉक्टर "अजून महिनाभर थांबा" म्हणाले, आणि माझा एक मित्र एप्रिलमध्ये कायमचा अमेरिकेला चालला होता, त्यालाही यायचं होतं. म्हणून मार्च.

दुसरी गोष्ट दिवस. इथे मला बाबांनी एक फॉर्म्युला शिकवला, जो आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी शिकवला नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते! चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते, त्याचं हे घरगुती गणित. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा; दक्षिण कोकणात भरती त्याच्या थोडी आधी येते. दुसरं म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल सगळ्यात कमी. म्हणजे आम्हाला हवी अष्टमी, आणि तीही शनिवारी, कारण सुट्ट्या संपलेल्या. बावीस मार्चला शनिवारी वद्य अष्टमी निघाली. मी तर उडालोच! पंचांग बघून रजा न टाकणारा कंपनीतला मी पहिलाच असेन :)

तिसरी गोष्ट वेळ. सकाळी लवकर. ऊन चढलं की जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत पाणी खवळायला लागतं. म्हणून निवतीहून सातला निघायचं, आठपर्यंत बेटांपाशी, अकराच्या आत परत.

चौथी गोष्ट लाइफ जॅकेट. यावर आईची अट होती. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले होते आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत एलिफंटाच्या वाटेवर फेरी बोटीला झालेला अपघात तर तिने टीव्हीवर दिवसभर बघितला होता. "प्रत्येकाला एक, आणि अंगात घातलेलं. बसायला उशी म्हणून नव्हे." मी शीटमध्ये हे वाक्य जसंच्या तसं टाकलं.

पाचवी गोष्ट हवामान. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, ती समुद्राचा अंदाज देते. लाटांची उंची, लाटांचा कालावधी, दिशा, वारा, सगळं तक्त्यात. मी तो रोज उतरवून घेत होतो. शनिवारचा अंदाज होता लाटा पाऊण-एक मीटर, वारा किरकोळ. वा! शुक्रवारी निघताना शीटची प्रिंट काढली, तर ती एका ए-फोर कागदावर मावेना. दोन-तीन कॉलम हाइड केले, मग मावली. हे वाक्य लक्षात ठेवा.

आणि शेवटी बोट. आत्याच्या ओळखीचे एक तांडेल होते, त्यांच्याशी फोनवर बोललो. म्हटलं, काका, बेटं फिरायची आणि पाकोळ्यांच्या गुहेत आत जायचंय. ते म्हणाले, "येवा. गुहेचा तकडे गेल्यार बघूया." मी शीटमध्ये 'गुहा' या ओळीपुढे लिहिलं : कन्फर्म्ड.

शुक्रवारी पहाटे पुणे सोडलं. मी, बाबा, अमेरिकेचा मित्र आणि आमच्या टेस्टिंग टीममधला आणखी एक, ज्याला पोहता येत नाही आणि जो हे प्रत्येक टोलनाक्यावर आठवण करून देत होता. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, आणि संध्याकाळी आत्याच्या अंगणात. घाट उतरल्यावर बाबांची भाषा बदलते. पुण्यात "अरे, तिकडे बघ" म्हणणारा माणूस एकदम "थंय बघ रे" म्हणायला लागतो. आत्याने बांगड्याचं तिखलं केलेलं. जेवून आम्ही टेकडीवर गेलो. दूर काळोखात दिवा लुकलुकत होता. बाबा काही बोलले नाहीत, नुसते दोन झपकाऱ्यांच्या मधले आकडे मोजत उभे राहिले. बहुतेक लहानपणीही मोजत असावेत.

शनिवारी पावणेसातला निवतीला पोचलो. किनाऱ्यावर रापण ओढायचं काम चाललेलं, डोंगरावर किल्ल्याचे अवशेष, पाणी म्हणजे काच. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. मी प्रिंटआउट काढून सगळ्यांना दाखवला आणि "सांगितलं होतं ना!" असा चेहरा केला. लाइफ जॅकेटं घातली. फायबरची बोट, मागे इंजिन, तांडेलकाका आणि त्यांचा पुतण्या. अर्ध्या वाटेवर डॉल्फिन दिसले. टेस्टिंगवाला पोहता येत नाही हे विसरून उभाच राहिला, त्याला बाबांनी बखोट धरून खाली बसवलं.

बेटं जवळ आली तशी मोठी होत गेली. उघडेबोडके काळपट खडक, वरचे भाग पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे, आणि एकावर दीपगृह. बाबा बोटीच्या नाळेकडे बसलेले, एक हात कडेवर. मी त्यांचे फोटो काढत होतो. मग एका खडकाला वळसा घातला आणि गुहेचं तोंड दिसलं.

एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाएवढं असेल. त्यातून एक पाकोळी बाहेर आली, मग पाच-सहा, मग मोजताच येईनात. छोटे, करडे, कोयत्यासारख्या पंखांचे पक्षी. आत पूर्ण अंधार असतो, त्यात ते टिकटिक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. वटवाघळासारखंच, फक्त हा आवाज आपल्याला ऐकू येतो. मला तो ऐकायचा होता. बाबांना ऐकवायचा होता.

तांडेलकाकांनी इंजिन मंद केलं आणि बोट होती तिथेच धरली. गुहेपासून तीसेक मीटरवर.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"काका, आत कधी जायचं?"

"आज भितर जावचा नाय."

मला वाटलं मस्करी करतायत. समोर पाणी शांत होतं. म्हटलं, अहो, वारा नाही, लाट नाही, अंदाजही चांगला आहे. खिशातून प्रिंट काढून दाखवली. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खडकाच्या पायथ्याकडे बघत होते.

"वाऱ्याचां पाणी नाय ह्यां. लांबसून येताहा."

यानंतर मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "काका, फोनवर तुम्ही हो म्हणाला होतात. आम्ही पुण्याहून एवढ्यासाठी आलोय. पैसे जास्त हवे असतील तर तसं सांगा."

पुतण्याने मान फिरवली. तांडेलकाका शांतपणे म्हणाले, "पैशे होये तर परत घी. पण मी भितर जावचंय नाय. एक लाट बघून काय समाजता? धा बघ."

बाबांकडे पाहिलं. वाटलं, ते गाववाले, तेच त्यांच्या भाषेत समजावतील. बाबा मला एवढंच म्हणाले, "तेंका ठावक आसा. गप बस."

मग आम्ही मोजत बसलो. पहिली लाट आली, म्हणजे लाट कसली, पाण्याची नुसती सावकाश उसासल्यासारखी हालचाल. बोट अलगद वर गेली, खाली आली. दुसरी तशीच. तिसरी, चौथी. सहावी जरा मोठी. सातवी आली तेव्हा आमच्या बोटीला विशेष काही जाणवलं नाही, पण गुहेच्या तोंडाशी पाणी चढायला लागलं आणि चढतच राहिलं. अर्धं तोंड भरलं, आणखी भरलं, आणि मग आतून एक असा आवाज आला, की मोठं गोदाम आतून कोणीतरी धाडकन बंद करावं. पाण्याचा फवारा बाहेर फेकला गेला. त्यानंतर सगळं पाणी मागे ओढलं गेलं आणि एरवी पाण्याखाली असलेले काळे धारदार खडक उघडे पडले. आम्ही आत असतो तर बोट आधी छताला लागली असती आणि नंतर त्या खडकांवर आली असती. किंवा उलट.

कोणीच काही बोललं नाही. टेस्टिंगवाल्याने जॅकेटचा पट्टा आणखी आवळला.

मग तांडेलकाकाच म्हणाले, की एरवीही या दिवसांत ते आत नेत नाहीत. "ही तेंची अंडी घालुची येळ." पाकोळ्या आपल्या थुंकीने गुहेच्या भिंतीवर घरटी चिकटवतात. या घरट्यांचं सूप पूर्व आशियात फार महाग विकलं जातं आणि त्यासाठी इथल्या घरट्यांची तस्करी होते हे २००१ च्या सुमारास उजेडात आलं होतं. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने नंतर इथे त्यांच्या संरक्षणाचं काम केलं. हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं बरं का. वाचलं होतं आणि तरी मार्चमध्ये आत जायचा बेत केला होता. माहिती होती, पण ती कुठल्याच ओळीत नव्हती.

अर्धा तास आम्ही तिथेच लांबून बघत थांबलो. बाबांनी हात कानामागे धरला. लाटा जरा शांत असतानाच्या एखाद्या क्षणी ते म्हणाले, "ऐकू आलं." मला नाही आलं. त्यांना खरंच आलं की नाही, मी विचारलं नाही. साडेनऊला बोट वळवली, आणि आम्ही अकराच्या बरेच आधी किनाऱ्यावर होतो.

रात्री आत्याकडे लॅपटॉप उघडला आणि शीटमधले हाइड केलेले कॉलम उघडले. त्यातला एक होता लाटांचा कालावधी. शनिवारच्या चौकटीत आकडा होता : १५ सेकंद.

आता हे जरा सोपं करून सांगतो, कारण मलाही त्या रात्रीच कळलं. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांनी येतात, आखूड असतात, दिसतात, बोट हलवतात. पण हजारो किलोमीटर दूर, दक्षिण गोलार्धातल्या समुद्रात वादळी वारे सुटले की तिथल्या लाटा कित्येक दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला येतात, आणि येईपर्यंत त्या लांबलचक होतात. पाच सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात चाळीस मीटरच्या आत भरते, पंधरा सेकंदांच्या लाटेची साडेतीनशे मीटर. उंची दोघींची पाऊण मीटरच असली तरी दुसरीच्या मागे तिप्पट जोर असतो. उघड्या पाण्यात ती कळतही नाही. उथळ जागा किंवा अरुंद कपार आली की मग तो जोर वर यायला बघतो. केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. ३१ मार्च २०२४ ला केरळच्या किनाऱ्यावर असंच पाणी घुसलं होतं, ढग नाही, वारा नाही, आणि समुद्र घरांत.

म्हणजे माझ्याकडे आकडा होता. इन्कॉइसने दिला होता, मी स्वतः उतरवून घेतला होता, आणि कागदावर मावत नाही म्हणून स्वतःच लपवला होता. तांडेलकाकांकडे आकडा नव्हता, पण ते दहा लाटा मोजून तिथेच पोचले.

पण खरं सांगायचं तर कॉलम उघडा असता तरी मी ऐकलं असतं का? मला नाही वाटत. तिथे पोचल्यावर माझ्या डोक्यात पाचशे मैलांचं येणं-जाणं होतं, मित्राची अमेरिका होती, बाबांचं हृदय होतं, "पुन्हा कधी जमेल" होतं. अशा वेळी माणूस पंधरा सेकंदांचंही काहीतरी कारण काढून समर्थन करतो. म्हणून तर ऑफिसात रोलबॅकच्या अटी आम्ही रिलीजच्या दोन दिवस आधी लिहितो, सगळे चहा पीत शांत बसलेले असताना. रात्री दोन वाजता, सगळ्यांचे डोळे लाल झालेले असताना, मागे फिरायचं की नाही हे ठरवायचं नसतं, फक्त आधी ठरवलेलं वाचायचं असतं. हे मी नवीन पोरांना दर सहा महिन्यांनी ट्रेनिंगमध्ये सांगतो. आणि जिथे माणसं पाण्यात होती, त्यातला एक माझा बाप, तिथे तो टॅबच केला नाही, कारण ती 'सहल' होती.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी निवतीला जाऊन तांडेलकाकांची माफी मागितली. ते जाळं दुरुस्त करत होते. "तां काय मनार घेव नको," म्हणाले, आणि बाबांना विचारलं, "परत कधी येतालास?"

आता शीटमध्ये शेवटचा टॅब आहे. फक्त तीन ओळी. लाटांचा कालावधी बारा सेकंदांच्या वर असेल तर खडकांच्या जवळ जायचं नाही, लांबून बघायचं. पाकोळ्यांच्या विणीच्या दिवसांत गुहेचं नाव काढायचं नाही. आणि तांडेल नाही म्हणाला तर विषय संपला, पैशांबद्दल कोणी एक अक्षर बोलायचं नाही.

तुम्ही कुठेही जात असाल, निवती, मालवण, मुरुड, गोवा, तर बाकीची शीट तुमची तुम्ही करालच. हा टॅब मात्र घरी बसून, चहा पिता पिता, निघायच्या आधी भरा. आणि बोटीवर त्याची प्रिंट न्या, सगळ्या कॉलमसकट. दोन कागद लागले तर लागू देत.

बाबा डिसेंबर म्हणतायत. मी पंचांग काढलंय. शनिवारी अष्टमी येते का ते बघायचंय.